अरगटाच्या कुळातली नशा

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे-ओतूर पट्ट्यात बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली, की कणसांतून मधासारखे चिकट थेंब पाझरतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी धरतात. हा अरगट. तो टाळायला पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं सोडतात. तरंगेल ते काढून जाळायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं. अरगट मिसळलेली बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या, गुंगी ठरलेली.

याच कुळातली दुसरी बुरशी युरोपात राय धान्यावर वाढते. तिच्या रसायनांवर काम करताना आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवलं. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः पाव मिलिग्रॅम घेतलं आणि त्यांना भोवतालचं जग विकृत दिसू लागलं. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहींवर एलएसडी काम करतं. अंमल आठ-बारा तास राहतो.

अमेरिकेत १९ ते ३० वयाच्या ९ टक्के लोकांनी २०२३ मध्ये असं एखादं भ्रमकारी द्रव्य घेतलं होतं. दशकभरात प्रमाण दुपटीहून वाढलं. ३५ ते ५० वयोगटातही ते ४ टक्के होतं. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आकडा ०.१२ टक्के निघाला. नैराश्यावर सिलोसायबिन हे असंच भ्रमकारी द्रव्य उपयोगी पडेल का, याच्या चाचण्यांमुळे या द्रव्यांना ‘औषध’ म्हणून नाव मिळू लागलं आहे. पण ज्याच्या घरात कुणाला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार असेल, त्या माणसाला या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, आणि अंमल उतरेपर्यंत प्रशिक्षित माणूस शेजारी बसून असतो. पार्टीत हाती पडलेल्या, एलएसडी टिपलेल्या कागदी तिकिटामागे यातलं काहीच नसतं.

व्यसनाची आपली समज दारू आणि गर्द (ब्राऊन शुगर) यांच्यावर बेतलेली आहे. ओतूरचेच डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते गर्दच्या विळख्यातली पोरं पाहून. गर्द थांबला की अंग मोडून येतं, ‘टर्की’ लागते. घरच्यांना ते दिसतं. एलएसडीत तसं काही होत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, आणि हीच समजूत मला घातक वाटते. भ्रमात माणूस रस्त्यावर धावू शकतो, दबलेला मानसिक आजार उफाळू शकतो. एलएसडी म्हणून विकलेल्या तिकिटावर एनबीओएमई हे वेगळंच रसायन निघालं आहे, आणि त्याने जीव गेले आहेत.

कुणी अशा भ्रमात घाबरलेला आढळला तर त्याला एकटं सोडू नये, दरडावू नये, गोंगाटातून शांत खोलीत न्यावं. झटके आले, अंग तापलं तर तडक दवाखाना गाठावा आणि काय घेतलं ते पोलिसांच्या धाकाने न लपवता डॉक्टरांना सांगावं.