जुनी मोटार : जीर्णोद्धार कीं रूपांतर ?

घरांतील जुन्या वस्तूंविषयीं आपलें वर्तन दोन प्रकारचें असतें. देवघरांतील पितळी समई आपण नित्य घासतों, तींत नवी वात घालतों, आणि ती चार पिढ्या जळत राहते. उलट आजोबांचें खिशांतील घड्याळ आपण पेटींत जपून ठेवतों. तें बंद पडलें तरी कोणास कळत नाहीं. वाड्याच्या पडवींत उभी असलेली जुनी मोटार मात्र या दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. ती पेटींत मावत नाहीं, आणि चालती ठेवावी तर खर्च लागतो. मग घरांत वाद सुरू होतो. वडील मंडळी म्हणतात, "आहे तशी राहूं द्या." तरुण मंडळी म्हणतात, "नवें इंजिन बसवूं आणि रोज वापरूं." व्यवहारी गृहस्थ म्हणतात, "भंगारवाल्यास बोलवा." या तिन्ही पक्षांचें ऐकून घेऊन कांहीं निर्णय करतां येतो कीं काय, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचन निश्चित व्हावें म्हणून एकाच जातीची मोटार उदाहरणास घेऊं. एके काळीं आपल्या प्रांतांत डॉज, प्लायमाउथ व डी सोटो या नांवांच्या भक्कम, घुमटाकार पाठीच्या अमेरिकन मोटारी पुष्कळ दिसत. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या असल्या तरी त्यांच्याशीं महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. सोलापूरास १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं हिंदुस्थानांत मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. क्रायस्लर कंपनीशीं त्यांनीं १९४० सालीं करार केला; परंतु युद्धकाळांत त्या वेळच्या सरकारचा पाठिंबा मिळाला नाहीं. तरीहि १९४४ त त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ त, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं, कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभीं सुटे भाग परदेशाहून येत व येथें जुळविले जात. पण ते जुळविणारे हात आपल्या मजुरांचे होते. म्हणून असली गाडी भंगारांत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. ती केवळ एका कुटुंबाच्या वैभवाची खूण नसून या देशाच्या उद्योगाच्या बालपणाचीहि खूण असूं शकेल.

या गाड्यांचें इंजिन समजून घेण्यासारखें आहे. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत घेण्यास एक आणि जळलेला धूर बाहेर टाकण्यास एक, अशा प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा लागतात; कारागीर त्यांस व्हाल्व्ह म्हणतात. आजच्या इंजिनांत हे व्हाल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर असतात. या जुन्या इंजिनांत मात्र ते सिलिंडरच्या शेजारीं, खालच्या ओतीव लोखंडी ब्लॉकमध्येंच उभे असतात. त्यामुळें वरचें हेड म्हणजे एक जाड, सपाट झांकण तेवढें उरतें. नट सोडले कीं तें उचलून बाजूस ठेवतां येतें. म्हणूनच या रचनेस सपाट डोक्याचें इंजिन म्हणतात. भाग थोडे, गुंतागुंत कमी, आणि आवाज इतका मंद कीं चालू इंजिन बंद समजून चावी फिरविण्याचा मोह व्हावा.

महायुद्धानंतरच्या प्लायमाउथ गाडीचें उदाहरण घ्या. सहा सिलिंडर एका ओळींत, प्रत्येकाचा व्यास ३.२५ इंच आणि पिस्टनाची धांव ४.३७५ इंच. एकंदर माप २१७.८ घन इंच, म्हणजे सुमारें ३,५७० घन सेंटिमीटर. आणि शक्ति ९५ अश्वशक्ति. आजची १,२०० घन सेंटिमीटरची लहान गाडीहि जवळजवळ तेवढी शक्ति देते, हें ऐकून तरुण वाचक हंसतील. परंतु या जुन्या इंजिनाचा गुण वेगांत नसून ओढींत आहे. पिस्टनाची धांव लांब असल्यामुळें कमी फेऱ्यांतहि तें नेटानें ओढतें. बैलगाडीच्या चालीनें तिसऱ्या गिअरमध्यें चालवावी आणि तेथूनच हलकेच वेग वाढवावा, तरी तें कुरकुर करीत नाहीं. दोष असा कीं मिश्रणास आडवळणानें सिलिंडरांत शिरावें लागतें, आणि व्हाल्व्हांसाठीं जागा सोडावी लागत असल्यानें मिश्रण फारसें दाबतां येत नाहीं. या दोषामुळेंच वरच्या व्हाल्व्हांच्या इंजिनांनीं त्यास मागें टाकलें. क्रायस्लरनें आपल्या मोटारींत तें १९५९ पर्यंत ठेवलें, आणि एका प्रकारच्या मालमोटारींत तर १९६८ पर्यंत.

आतां फेरफाराचा प्रश्न. "गाडींत कांहींच बदलूं नये" हा पक्ष इतिहासास धरून नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां अनेक मोटारींच्या मागें लोणारी कोळशाची भट्टी बसविण्यांत आली. अपुऱ्या हवेंत कोळसा जाळला म्हणजे जो ज्वलनशील वायु निघतो तो थंड करून, गाळून इंजिनांत सोडीत. शक्ति बरीच घटे, धुरानें कपडे काळे होत, पण गाडी चाले. युद्ध संपलें, पेट्रोल मिळूं लागलें, तशा त्या भट्ट्या उतरल्या आणि गाड्या पूर्ववत् झाल्या. पुढें डिझेल स्वस्त म्हणून कित्येकांनीं मूळ इंजिन काढून त्या जागीं डिझेल इंजिन बसविलें. त्यासाठीं चौकटीचे आधार कापले, नवे जोडले. मूळ इंजिन विकून टाकलें. या गाड्या पूर्ववत् होऊं शकल्या नाहींत. वरवर पाहतां दोन्ही फेरफार काटकसरीचेच. परंतु पहिला उलटवितां येण्यासारखा होता, दुसरा तसा नव्हता. माझ्या मतें सर्व विवेकाची किल्ली या एका भेदांत आहे. जो फेरफार उद्यां नातवास सहज काढून टाकतां येईल तो जीर्णोद्धार. जो त्यास काढतां येणार नाहीं तें रूपांतर.

कायद्याचा कलहि याच दिशेस आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकानें दिलेल्या मूळ स्वरूपांत मनमानी बदल करतां येत नाहीं. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें होऊन गेलेली, मूळ स्वरूप राखलेली, आणि चौकट, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहनें या नियमांखालीं 'विंटेज' म्हणून नोंदतां येतात. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये आहे, आणि नंबराच्या पाटीवर राज्याच्या खुणेपुढें 'व्हीए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी प्रदर्शन, शर्यतवजा मिरवणूक, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांनीं रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास किंवा भाड्यास नाहीं. म्हणजे ज्या तरुणांस इंजिन बदलून गाडी रोज हांकावयाची आहे, त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं इंजिन गेलें तर हा मान मिळणें नाहीं.

मग बदलावें तें काय? आमच्या भडगांवाकडील उन्हाळा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांस पहिला शत्रु सांगावा लागणार नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि रेडिएटर उकळूं लागतो. लोक रेडिएटर बदलतात, मोठा पंखा लावतात. खरा रोग मात्र पुष्कळदां आंत असतो. क्रायस्लरच्या या इंजिनांत ब्लॉकच्या पोटांतून पुढून मागें जाणारी एक लांब, चपटी पत्र्याची नळी असते. तिच्या भोकांतून थंड पाणी थेट व्हाल्व्हांच्या बैठकींवर पडतें. वर्षानुवर्षें साधें पाणी घातल्यानें ही नळी गंजते, भोकें बुजतात, पुढचे सिलिंडर थंड राहतात आणि मागचे भाजून निघतात. रेडिएटर व पाण्याचा पंप उतरवून ती नळी ओढून काढावी, न गंजणाऱ्या धातूची नवी घालावी, आणि पाण्यांत गंजरोधक द्रव मिसळावा. हा फेरफार बाहेरून दिसतहि नाहीं, आणि इंजिनाचें आयुष्य वाढवितो.

दुसरी गोष्ट इंधनाची. पेट्रोलांतील शिसें २००० सालीं देशभर बंद झालें, तेव्हां जुन्या गाड्यांचे व्हाल्व्ह जळतील अशी भीति होती. या इंजिनांत धूर सोडणाऱ्या व्हाल्व्हांच्या बैठकी मूळच्याच कठीण धातूच्या असल्यानें ती भीति बाळगण्याचें कारण नाहीं. इथेनॉलची गोष्ट निराळी. २०२५ पासून पेट्रोलांत त्याचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें आहे. इथेनॉल जुनें रबर फुगवितें, हवेंतील ओल ओढून घेतें, आणि टाकींतील जुना चिकट थर सोडवून कार्बोरेटरांत आणून टाकतें. म्हणून टाकी धुवावी, पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉलास टिकणाऱ्या घ्याव्या, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीनें उभी ठेवूं नये. त्यांतच पेट्रोलचा पंप तापलेल्या धुराड्याच्या बाजूसच असतो; त्यावरचा उष्णता अडविणारा पत्रा पुष्कळ गाड्यांतून हरवला आहे. तो नसला म्हणजे उन्हांत पेट्रोलची नळींतच वाफ होते आणि गाडी भर चौकांत थांबते. पत्रा पुन्हां बसवावा, एवढा साधा उपाय आहे.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि येथें काटकसर करूं नये. या गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात; परंतु चारही चाकांस एकच तेलाचा मार्ग आहे. एक नळी फुटली कीं चारी ब्रेक गेले. सर्व रबरी नळ्या व वाट्या नव्या घालाव्या. हातब्रेक चाकांवर नसून गिअर-पेटीच्या मागच्या दांड्यावर असतो. तो गाडी उभी राखण्यासाठीं आहे, धांवती गाडी थांबविण्यासाठीं नव्हे. विजेचा दाब ६ व्होल्टच असल्यानें दिवे मंद वाटतात, म्हणून अनेकजण सारी यंत्रणा १२ व्होल्टची करतात. त्याआधीं तारा जाड घ्याव्या व सांधे घासून पाहावे. बहुधा तेवढ्यानें भागतें. वळण्याचे दिवे मात्र नसल्यास जरूर लावावे, कारण हाताचा इशारा समजणारी पिढी आतां रस्त्यावर राहिलेली नाहीं. एक लहानशी सूचना : डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. हें ठाऊक नसल्यानें कित्येक बलदंड कारागिरांनीं ते मोडले आहेत.

गाडी हांकणें ही निराळी विद्या आहे. पहिल्या गिअरास दांते सहज जुळविण्याची सोय नाहीं. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा, नाहीं तर क्लच दोनदां दाबून मधें किंचित् वेग द्यावा. वजन सुमारें १,४०० किलो, चाक फिरविण्यास कोणतेंहि साहाय्य नाहीं. म्हणून उभ्या गाडीचें चाक कधीं फिरवूं नये, गाडी थोडी हलूं द्यावी. सपाटीवर ताशीं ६५ ते ७० किलोमीटर ही तिची सुखाची चाल. चाळीसगांवहून कन्नडकडे औट्रम घाटानें जातांना जुना नियम पाळावा : ज्या गिअरानें चढावें त्याच गिअरानें उतरावें. इंजिनालाच गाडी आवरूं द्यावी; पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतात. मागचा ट्रक भोंगा वाजवील. त्याला जागा द्यावी. या गाडीच्या चालकास धीर हाच पहिला परवाना.

शेवटची गोष्ट यंत्राची नसून कुटुंबाची आहे. बहुतेक घरांत गाडीचें नोंदणीपुस्तक अद्याप आजोबांच्या नांवावर असतें, आणि चार वारस एकमेकांकडे पाहत बसतात. तें प्रथम सोडवावें. मालक दिवंगत झाल्यावर वारसाच्या नांवें गाडी करण्यास ३१ क्रमांकाचा नमुना आहे; सर्व वारसांनीं संमति देऊन एकास जबाबदार करावें. मग एक वही घालावी. कोणता भाग केव्हां काढला, काय घातलें, किती खर्च झाला, हें तींत लिहावें. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. ही वही नसेल तर पुढच्या पिढीस आपलीच गाडी अनोळखी होईल.

नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास विचारलें होतें कीं आंस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय? एकहि भाग रथ नव्हे. सर्वांच्या मेळास रथ हें नांव. हें खरें मानलें तर भाग बदलण्याचें भय बाळगूं नये, पण मेळ मोडण्याचें बाळगावें. देवळाचा ढासळलेला कळस नवा चढवितात, भिंतीचे दगड बदलतात, तरी देऊळ तेंच राहतें. गाभाराच पाडला तर उरते ती केवळ इमारत. या मोटारीचा गाभारा म्हणजे तिचें तें सपाट डोक्याचें, मंद आवाजाचें इंजिन. त्यास थंड पाणी, स्वच्छ पेट्रोल व खात्रीचे ब्रेक द्या. बाकी घाई कोणतीच नाहीं.