आजार येण्याआधी विम्याचा कागद वाचावा

पावसाळ्यात शेताच्या चिखलात उभे राहणाऱ्याला लेप्टोच्या तापाचे भय, पाडेलीला माडावरून पडण्याचे भय आणि होडीवाल्याला समुद्राचे. काणकोणसारख्या किनाऱ्यावरच्या लहान शहरात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. चावडीला सरकारी आरोग्य केंद्र आहे; पण दुखणे मोठे असले की सुमारे ४० किलोमीटरवरचे मडगाव, नाही तर त्याहून पुढे बांबोळीचे गोमेकॉ गाठावे लागते. खाजगी इस्पितळात जावे लागले तर बिलापायी दागिना मोडण्याची किंवा भाट गहाण टाकण्याची पाळी येते. म्हणून आरोग्य विमा कसा निवडावा याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम सरकारकडून काय मिळते ते पाहावे. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे राहिलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, अशी तिची आखणी झाली. मात्र योजनेच्या यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या इस्पितळांतच ते मिळते. कारवार आपल्याला जवळ वाटते, पण ते कर्नाटकात आहे. तेथे कार्ड चालेल असे गृहीत धरू नये. कार्डाची मुदतही संपू देऊ नये.

घरात वडीलधारी माणसे असतील तर आणखी एक सोय आहे. आयुष्मान भारत योजनेखाली ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातल्या उपचारांचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागले. वय आधार कार्डावरून धरतात. तेव्हा आजी-आजोबांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे ना, हे आजच पाहावे.

वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा पुष्कळांनी बँकेत काढलेला आहे. तो चांगलाच आहे. पण तो अपघाती मृत्यू व अपंगत्व यांसाठी आहे. इस्पितळाचे बिल तो भरीत नाही. नोकरीच्या ठिकाणचा विमाही सहसा नोकरीबरोबरच संपतो. मुलगा आखातात किंवा बोटीवर असेल तर त्याच्या कंपनीचा विमा घरच्यांना लागू आहे काय, हे विचारून घ्यावे.

आता खाजगी विमा. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, ही दिलाशाची गोष्ट. तरी केवळ हप्ता कमी म्हणून विमा घेऊ नये. खोलीच्या भाड्याची मर्यादा अवश्य पाहावी. समजा, दिवसाला ४,००० रुपयांची मर्यादा आहे आणि आपण ८,००० ची खोली घेतली. पुष्कळ विमापत्रांत अशा वेळी केवळ भाडेच नव्हे, तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच मिळतो. पाच दिवसांचे भाडे ४०,००० आणि फी व शस्त्रक्रिया ६०,००० झाली, तर एक लाखातले ५०,००० आपल्या खिशातून जातील. मर्यादेतली खोली घेतली असती तर ही झळ बसली नसती.

दुसरी गोष्ट, थांबण्याचा काळ. नव्या विम्यात पहिले ३० दिवस आजारांचे पैसे मिळत नाहीत. अपघाताला मात्र ही अट नाही. हर्निया, मोतीबिंदू अशा दुखण्यांना दोन वर्षे थांबावे लागणे नेहमीचे आहे. आधीपासूनच्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला जास्तीत जास्त तीन वर्षांची अट घालता येते. म्हणून घरात कोणी आजारी पडल्यावर विमा शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. आणि हप्ता चुकवून विमा बंद पडू दिला, तर थांबलेली वर्षेही वाया जातात.

तिसरी गोष्ट, खरेपणा. एजंट म्हणतो, "मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचे ऐकू नये. लपवलेला आजार पुढे कागदांत सापडतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. अर्ज आपण स्वतः वाचावा, मगच सही करावी. विमापत्र हाती आल्यावर ते न पटल्यास परत करायला ३० दिवसांची मुदत असते.

रोख न भरता उपचार देणारी इस्पितळे आपल्यापासून किती दूर आहेत, हेही पाहावे. यादीत मुंबईची शंभर इस्पितळे असून मडगावचे एकही नसेल, तर रात्री-अपरात्री तिचा काय उपयोग? दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

नारळाचे किंवा काजूचे पैसे हाती येतात तेव्हाच हप्त्याची रक्कम बाजूला काढावी. कार्ड, विमापत्र आणि कंपनीचा फोन नंबर एका पिशवीत ठेवून, ती पिशवी कोठे आहे हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. वेळ आली म्हणजे कागद शोधणारे माणूस बहुधा दुसरेच असते.