वारसाहक्काने आलेले दुखणे

मागच्या वर्षी आमचे धाकटे काका संत्र्याच्या बगीच्यात ओलीत करता करता छातीला हात लावून खाली बसले. आमचे गाव पांढुर्ण्याजवळ. तेथून नागपूर शंभरेक किलोमीटर. गाडी सावनेरला पोहोचण्याच्या आत सगळे संपले होते. वय अवघे अठ्ठेचाळीस. तेरवीला सौंसरहून आलेली आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "आपल्या घरान्यातच छाती कच्ची हाये रे बाप्पा. बाबाबी असेच गेले होते."

आत्याचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वारसा म्हटले की मला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आठवतो, सातबारा आठवतो, फार तर हक्कसोडपत्र आठवते. नको असलेल्या शेतीवरचा हक्क माणूस रीतसर कागद करून सोडू शकतो. परंतु छातीचे दुखणे वारशाने आले तर त्याचे हक्कसोडपत्र कोठे करावयाचे? आणि मुळात ते येते तरी कसे? या दोन प्रश्नांपायी गेले वर्षभर मी विज्ञान शाखेच्या मित्रांची पुस्तके आणि आमच्या जीवशास्त्राच्या सरांचा बराच वेळ खर्ची घातला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा एक मजकूर असतो आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. अक्षरे मात्र चारच. या मजकुरातील ज्या तुकड्यात एखादे प्रथिन घडविण्याची कृती लिहिलेली असते त्याला जनुक म्हणतात. (आमच्या कन्नड विभागातील मित्रांकडे यासाठी 'वंशवाही' असा शब्द आहे. जनुकापेक्षा तो अधिक बोलका आहे, हे मराठीचा अभिमान बाळगूनही मान्य करावे लागते.) दोन अनोळखी माणसांचे मजकूर शेजारी ठेवले तर हजारात सुमारे एका अक्षराचा फरक आढळतो. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात, पण काही फरक महागात पडतात.

एका अक्षराचा फरक किती महाग पडू शकतो, हे पाहण्यासाठी आम्हा सातपुड्याकडच्या लोकांना परदेशी जावे लागत नाही. सिकलसेल हे नाव आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रक्तातील लाल रंगाचे प्रथिन, म्हणजे हिमोग्लोबिन, घडविण्याच्या कृतीत एकच अक्षर बदलते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एका घटकाऐवजी दुसराच बसतो. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबट दांडे बनतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे असह्य दुखतात, वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि वर्षानुवर्षांच्या या मारामारीत हृदय व फुप्फुसेही झिजतात. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे मूळ प्रथिनाच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. भारतात निलगिरीच्या आदिवासींत हा दोष १९५२ साली आढळला आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे आमच्या भागातले हे दुखणे जगाच्या दप्तरात नोंदले गेल्यालाही आता साठाहून अधिक वर्षे झाली.

येथे एक हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्याने लग्ने मोडतात. दोन प्रतींपैकी एकच प्रत बदललेली असेल तर माणूस 'वाहक' असतो. तो बहुधा निरोगी आयुष्य जगतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच तो रोगी. वधू व वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रोगाची शक्यता चारात एक असते. "पहिला आजारी निघाला, आता पुढचे तिघे सुटले" असा हिशेब करणारे लोक मी पाहिले आहेत, पण निसर्ग मागील बाकी पुढे ओढत नाही. प्रत्येक वेळी नवे खाते उघडते. याउलट दोघांपैकी एकच वाहक असेल तर अपत्याला हा रोग होतच नाही, फार तर ते वाहक होते.

माझ्या ओळखीच्या एका मुलीचे सौंसर भागात जमत आलेले लग्न केवळ तिच्या कार्डावर 'वाहक' लिहिले आहे म्हणून मोडले. मुलाची तपासणी कोणी केलीच नव्हती. त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असत्या, आणि तसे असण्याचीच शक्यता अधिक होती, तर त्यांच्या मुलांना कसलीच भीती नव्हती. जुलै २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत रोग हटवावयाचा असे तिचे उद्दिष्ट आहे. कार्डे वाटली जात आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कार्ड वाचावयाचे कसे हे सोयऱ्यांना कोणी सांगितले नाही, तर ते कार्ड मुलीच्या कपाळावरचा शिक्का होऊन बसते. मुलाच्या कार्डाबद्दल कोणी विचारत नाही, हेही येथेच नमूद करतो.

आता प्रश्न पडेल की असा घातक बदल टिकला कसा? वाहकांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविले. डासांच्या रानात हीच एक बदललेली प्रत जीव वाचवीत होती. एकाच नोंदीने एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे पडावे, तसाच हा प्रकार.

काकांचे दुखणे मात्र असे एका अक्षराचे नसावे. हृदयविकाराच्या बाबतीत शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक थोडा थोडा भार टाकतात, त्यात तंबाखू, रक्तदाब, साखर, चरबी यांची भर पडते आणि अखेरची बेरीज कोणाची किती होईल हे आधी सांगता येत नाही. आमच्या बगीच्यातच याचे उदाहरण आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरी जोमाने वाढते, पण तिच्यात डिंक्या रोगाला तोंड देण्याची ताकद कमी. रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानाने चिवट. असे असले तरी जंबेरीवरचे प्रत्येक झाड मरत नाही. बुंध्याशी पाणी साचले, माती चढली, की रोग घुसतो. ज्याने दुहेरी आळे करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवले आणि वेळेवर बोर्डो मलम लावले, त्याची जंबेरीही वीस वर्षे फळे देते. काका स्वतः हे काम फार निगुतीने करीत. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी मात्र ते आठवण झाली तर घेत.

भारतीय हृदयाविषयीचे एक संशोधन खास सांगण्याजोगे आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेली माणसे भारतीय उपखंडात सुमारे शंभरात चार आहेत आणि त्यांच्यात हृदयाच्या स्नायूच्या विकाराचे प्रमाण सुमारे सात पट दिसते. वर्तमानपत्रांना 'सात पट' पुरेसे झाले. पण सात पट कशाच्या, हे विचारण्याची आम्हा वाणिज्यवाल्यांना सवय असते. समजा, एखादा विकार हजारात दहा जणांना होतो. सात पट म्हणजे सत्तर. उरलेल्या नऊशे तीस जणांना तो होत नाहीच! भांडवल दहा रुपये असताना सात पट नफा आणि भांडवल दहा लाख असताना सात पट नफा या दोन गोष्टी जशा वेगळ्या, तसेच हे.

गंमत पुढेच आहे. २०२० मध्ये या जनुकाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे दिसले की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकारात खरा दोष त्या २५ अक्षरांकडे फारसा नसून काही थोड्या लोकांत त्यांच्या सोबतीने येणाऱ्या दुसऱ्याच एका बदलाकडे आहे. चोर पकडला असे वाटावे आणि तो नुसता चोराच्या शेजारी बसलेला प्रवासी निघावा, तशी ही गोष्ट झाली. त्या शंभरातील चौघांपैकी बहुतेकांनी एवढी वर्षे घाबरण्याचे कारण नव्हते.

शेजारी कोण आणि चोर कोण, हे ओळखण्यासाठी आता जनुकांचाच उपयोग करतात, हे वाचून मी चकित झालो. शरीरात कोठे दाह असला की यकृतातून सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात येते. हृदयविकाराच्या रोग्यांत ते वाढलेले असते. मग तेच हृदय बिघडवते काय? काही लोकांत जन्मतःच सीआरपीच्या जनुकातील फरकामुळे ते थोडे जास्त असते. कोणाला कोणती प्रत मिळावी हे गर्भातच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, तेथे श्रीमंत-गरीब, विडी-तंबाखू यांचा संबंध नाही. म्हणजे निसर्गाने आधीच करून ठेवलेला हा प्रयोग आहे. या लोकांत हृदयविकार जास्त आढळला नाही. तेव्हा सीआरपी हा साक्षीदार ठरला, गुन्हेगार नव्हे. मात्र दाहाचा निरोप पोहोचविणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या, इंटरल्यूकिन सहाच्या, ग्राहीतील फरक ज्यांच्यात असतो त्यांना हृदयविकार थोडा कमी होतो, असे २०१२ मध्ये दिसले. दाह आणि हृदय यांचे नाते खरे आहे, फक्त दुवा वेगळा होता. पुढे २०१७ मध्ये दाह कमी करणाऱ्या एका औषधाने दुसरा झटका येण्याचे प्रमाण घटले. पण त्याच औषधाने जंतुसंसर्गाचे बळीही वाढविले. येथेही जमेसमोर खर्च आहेच.

आता माझ्या शाखेचा विषय. आरोग्य विम्याच्या अर्जात घराण्यातील आजारांचा रकाना असतो. वडिलांना तो भरताना मी पाहिले, पेन तेथेच अडले होते. पूर्वी अनेक पॉलिसींत 'आनुवंशिक विकारांस भरपाई नाही' असे कलम असे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकाराचाच एक दावा या कलमाखाली नाकारला गेला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने असे सरसकट कलम भेदभावाचे ठरविले आणि मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना ते वगळण्यास सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. युक्तिवाद मला पटतो. ज्या रोगात वंशाचा काहीच वाटा नाही असा रोग शोधून काढणेच कठीण. मग या कलमाखाली काय काय नाकारता येणार नाही? मी वडिलांना खरे ते लिहावयास सांगितले, कारण विम्याचा करार परम सद्भावनेवर उभा असतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकविले आहे.

पुतण्याचा काकांशी वंशाचा सरासरी चौथा हिस्सा सामाईक असतो, मुलांचा निम्मा. म्हणजे माझ्यापेक्षा चुलत भावांना अधिक जपावयास हवे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले होते की जनुकांचा भार सर्वांत जास्त असलेल्या लोकांतही ज्यांची राहणी चांगली होती, म्हणजे धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, नियमित व्यायाम, बरा आहार, त्यांच्यात हृदयविकार जवळजवळ निम्म्याने कमी होता. दिवाळीत मी हे आकडे घेऊन गावी गेलो. थोरल्याने नागपूरला जाऊन रक्तातील चरबी तपासून घेतली, ती वाढलेली निघाली आणि त्याला गोळी सुरू झाली. धाकटा म्हणाला, मृगाचा बहार उतरू दे, मग पाहू. बहार उतरला. आता पोळ्याला गेलो की त्याला पुन्हा विचारणार आहे.