दाबू नका, मोडून बघा

बेळगाव भागातली रताळी नवरात्राच्या सुमारास बाजारात येऊ लागतात आणि नेमकी तेव्हाच उन्हाची शाश्वती नसते. बटाट्याचा कीस चैत्र-वैशाखात गच्चीवर निवांत वाळतो. रताळ्याच्या वाट्याला मात्र परतीचा पाऊस. म्हणून उपवासाचं पीठ करणारे लहान उद्योग ट्रे ड्रायर घेतात. कपाटाएवढी पेटी, आत चोवीस जाळीदार ट्रे, मागे हीटर नि पंखा, वर दमट हवा सोडणारी झडप.

सुरुवात चिकापासून होते. रताळं सोललं की पांढरा चीक सुटतो, बोटांना चिकटतो आणि काळा पडतो. साबणाने तो जात नाही, तेल लावावं लागतं. काप उघडे राहिले तर तेही काळवंडतात, म्हणून सोललेलं रताळं थेट पाण्यात पडतं. मग यंत्रावर तीन-चार मिलिमीटरचे काप करायचे आणि दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून काढायचे. रंग बिघडवणारी विकरं त्यात निकामी होतात आणि कापातलं पिष्ट फुगतं. हे केलेला काप वाळल्यावर काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो, न केलेला खडूसारखा पांढराफटक.

पेटीत हवा साठ अंशांची. पहिल्या तासात दार उघडून काप उचलला तर चटका बसेल असं वाटतं, पण तो हाताइतकाच कोमट लागतो. पृष्ठभागावरचं पाणी उडताना कापातली उष्णता घेऊन जातं, म्हणून गरम वाऱ्यातही तो तापत नाही. पुढे काप गरम लागू लागला की समजायचं, बाहेरचं पाणी संपलं, आता आतलं बाहेर यायचंय. आणि ते रेंगाळत येतं. पिष्टाच्या दाट गरातून वाट काढत त्याला पृष्ठभागापर्यंत पोचायचं असतं. निम्मं पाणी भराभर जातं, शेवटचं थोडंसं तासन्‌तास छळतं.

इथेच माणसाचा धीर सुटतो आणि हात तापमानाच्या बटणाकडे जातो. ऐंशीवर नेलं की काप बाहेरून कडक होतो, आत ओल अडकते, शिवाय रताळ्यातली साखर तांबूस पडून भाजका वास येतो. माझ्या मते आचेपेक्षा झडपेकडे लक्ष द्यावं. दमट हवा आतच फिरत राहिली तर हीटर कितीही तापवला तरी ती पाणी कुठे घेणार? मात्र झडप सताड उघडली तर तापवलेली हवाच बाहेर जाते. सुरुवातीला जास्त उघडी, नंतर कमी, हा हिशेब पंख्याच्या आवाजाइतकाच अंगवळणी पडलेला असतो. पंख्याजवळचे ट्रे आधी वाळतात, म्हणून मधूनच त्यांची अदलाबदल.

‘दाबून काय बघताय? मोडून बघा की,’ ट्रे फिरवणाऱ्या मावशी म्हणाल्या. मी उचललेला काप बोटांना कडक लागत होता, पण मोडायला गेलो तर वाकला. त्यांनी शेजारच्या ट्रेमधला घेतला, तो कट्‌कन तुटला. वाकणाऱ्या कापांचा ट्रे परत आत गेला.

खर्चाचं गणित रोकडं आहे. ताज्या रताळ्यात सुमारे सत्तर टक्के पाणी. चोवीस ट्रेवर दोन-दोन किलो काप पसरले, तर अठ्ठेचाळीस किलोंतून सुमारे बत्तीस किलो पाणी उडवायचं, तेव्हा कुठे आठ टक्के ओलाव्याचे साडेपंधरा किलो काप हाती येणार. एक किलो पाणी उडवायला कागदावरच जवळपास पाऊण युनिट वीज लागते. झडपेतून आणि पेटीच्या भिंतींतून जाणारी उष्णता धरली तर मीटर त्याहून बराच पुढे जातो. ऊन फुकट होतं, हे बिल आल्यावर कळतं. म्हणून जिथे दुपारचं ऊन मिळतं तिथे काही जण काप आधी उन्हात सुकवतात आणि शेवटची ओल तेवढी पेटीवर सोपवतात.

काप बाहेर काढल्यावरही लगेच पिशवीत भरत नाहीत. गरम भरले की आत वाफ धरते आणि चार दिवसांत बुरशी. ट्रेवरच गार होऊ द्यायचे, मग चक्कीवर.