शाळा आणि उद्योग

दहावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: आतां पुढें काय? हा प्रश्न इतक्या उशिरां कां पडावा, याचा विचार पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं करावा, एवढ्यासाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

विद्या व उद्योग यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून 'कमवा आणि शिका' या मार्गानें गरीब मुलांस विद्येचें दार उघडून दिलें. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्यबिंदु असावा, असें प्रतिपादिलें.

याच विचाराचें एक अलीकडील उदाहरण पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांतून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत माध्यमिक शाळेंतील मुलें आठवड्यांतून एक दिवस हातानें काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग असून ते मुलगे व मुली या दोघांसही सारखेच आहेत.

अशा कामानें पुस्तकी ज्ञानहि पक्कें होतें. गवंडी पाया आंखतांना एका दोरीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट अंतरावर खूण करतो; त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरलें, कीं कोपरा काटकोनांत आला असें तो समजतो. भूमितींतील प्रमेय तें हेंच. वहींतील चूक खोडतां येते. परंतु कोपरा चुकला तर चौकटींत दार बसत नाहीं, आणि तो धडा विद्यार्थी जन्मभर विसरत नाहीं.

आमच्या मुलांस मजूर करावयाचें आहे काय, अशी शंका कांहीं पालक घेतील. अभ्यासांत मागें पडलेल्यांसच तेवढें कारखान्यांत धाडलें, तर ही शंका खरी ठरेल. म्हणून असें शिक्षण सर्वांस मिळालें पाहिजे. आणि तें एकाच धंद्याचें नसून अनेक कामांची ओळख करून देणारें असलें पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनीं दहा दिवस दप्तरावांचून सुतार, माळी, कुंभार इत्यादि कारागिरांजवळ शिकावें, अशी सूचना आहे. त्यायोगें आपला कल कोणीकडे आहे हें मुलास निवडीची वेळ येण्यापूर्वींच कळतें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, सुट्टींत एक दिवस तरी मुलांस आपल्या कामाच्या जागीं न्यावें. विद्यार्थ्यांनींहि कोणतेंच प्रामाणिक काम हलकें मानूं नये. प्रभु येशूनेंहि नासरेथांत सुतारकाम केलें होतें, हें आपण विसरूं नये.