दादाभाई नौरोजी रस्ता : मुलाबाळांसह एक फेरी

सहा डिसेंबरला आपण बोईसर-पालघरहून चैत्यभूमीला जातो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि दादरहूनच परतीची गाडी धरतो. फोर्टमधले बाबासाहेबांचे कॉलेज मात्र आमच्यापैकी कित्येकांनी पाहिलेले नव्हते. म्हणून एका रविवारी आम्ही बोईसरची तीन कुटुंबे भाकरीचे डबे घेऊन पहाटेच्या डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये बसलो. पुरुष मंडळी तारापूर एमआयडीसीत कामाला. एक जण तर रात्रपाळी संपवून थेट स्टेशनवर आला.

चर्चगेटला उतरून वीर नरिमन रस्त्याने पायी निघालो. उजव्या हाताला ओव्हल मैदान आणि त्याच्या कडेला हायकोर्ट. बाबासाहेबांनी १९२३ पासून येथे वकिली केली, हे सांगताच मुले थबकून पाहू लागली. दहा मिनिटांत हुतात्मा चौक आला. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक येथे जवळजवळ आहे.

येथून उत्तरेकडे जातो तो दादाभाई नौरोजी रस्ता. पूर्वीचे नाव हॉर्नबी रोड. १८६० नंतर किल्ल्याचे तट पाडले गेले आणि पुढे येथे टोलेजंग इमारती उठल्या. १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीला तळाशी पादचाऱ्यांसाठी कमानींचा व्हरांडा ठेवावा लागला. त्यामुळे ऊन असो वा पाऊस, पायी जाणाऱ्याला आडोसा मिळतो. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेल्या दादाभाईंचा पुतळाही याच रस्त्यावर आहे.

आणि याच रस्त्यावर बुद्ध भवन व आनंद भवन! बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वर्ग आटोपून थेट कामावर जाणारी आपली किती मुले या कमानींखालून गेली असतील!

आमच्यातली आठवीतली मुलगी दारापाशी थांबली. हळूच म्हणाली, "पप्पा, आपल्याला आत जायला चालतं का?"

आम्ही सारेच गप्प झालो. तिचे वडील दहावीनंतर कारखान्यात लागलेले. ते म्हणाले, "अगं, हे आपल्यासाठीच काढलंय. आज रविवार म्हणून बंद आहे. पुढच्या वेळी विचारायचं नाही, फॉर्म घ्यायला यायचं."

पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराने आराखडा केलेली ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. फाटकावरचे सिंह आणि वाघ मुलांना फार आवडले. समोर १८९३ ची महापालिका. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट. शेतकऱ्यांची कैफियत मांडणाऱ्या महात्मा फुल्यांचे नाव या बाजाराला दिले आहे. तेथून मरीन लाइन्स स्टेशन पायी गाठता येते.

सारी फेरी दोन-अडीच किलोमीटरची. लहान मुले आणि आजीसुद्धा आरामात चालतील. रविवारी गर्दी कमी असते, पण कॉलेज आतून पाहायचे तर कामाच्या दिवशी जावे.

परतीच्या लोकलमध्ये ती मुलगी वहीत गाड्यांच्या वेळा मांडत होती. बोईसरहून सकाळच्या वर्गाला पोहोचता येईल का, याचा हिशेब चालला होता.

बंधू-भगिनींनो, सवड काढून मुलांना एकदा या रस्त्याने चालवा. जयभीम!