ओगलेवाडीचा प्रभाकर

जोगेश्वरी पूर्वेला आमच्या जिन्याखाली पाट्या आहेत: चिपळूणकर, मालवणकर, कराडकर. गाव सुटलं की ‘कर’ लावून ते आडनावात बांधून आणायचं, ही आपली जुनी खोड. इटलीतही तीच. १२९१ साली आगीच्या धास्तीने व्हेनिसने आपल्या काचभट्ट्या शेजारच्या मुरानो बेटावर हलवल्या. पुढे मुरानो म्हणजे काच असंच समीकरण झालं. मुरानो आडनावाची माणसंही आहेत. मुरानोकरच ते, फक्त ‘कर’ गाळलेले.

आपल्याकडे काचेने गाडी उलटी हाकली. पैशा-पैशाच्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, पण तळेगाव तळेगावच राहिलं. १९१६ साली कराडजवळ, औंध संस्थानात, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि भट्टीभोवतीच्या वस्तीची ओगलेवाडी झाली. त्याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती. किर्लोसचे म्हणून किर्लोस्कर, किर्लोस्करांची म्हणून किर्लोस्करवाडी. गावाने आडनाव दिलं, आडनावाने गाव परत केलं! ओगल्यांनी आपल्या कंदिलाला ‘प्रभाकर’ नाव दिलं. ते त्यांच्या वडिलांचं, आणि सूर्याचंही.

आमच्या माळ्यावर एक आहे. खाली रॉकेलची टाकी, दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या, मधे फुगीर काच. नळ्या केवळ आधाराच्या नाहीत. त्यांतून ज्योतीला हवा मिळते, म्हणून वाऱ्यातही कंदील तगतो. संध्याकाळी राख आणि फडक्याने काच पुसणं पोरांकडे असे, कारण हात लहान. तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती टचकन तडकायची आणि पोराची पाठ शेकायची.

२६ जुलै २००५ च्या पुराच्या रात्री वीज गेली तेव्हा तो खाली काढला. शेजारून स्टोव्हचं रॉकेल आणलं, वातीचे जळके कोपरे कातरले. पहिल्यांदा भसाभसा काजळी धरली, मग वात उतरवल्यावर पिवळा, शांत उजेड जिन्यापर्यंत पोचला. खालच्या मजल्यावरचे आजोबा भिजलेलं धोतर सावरत वर आले. त्यांनी कडी धरून कंदील जरा फिरवला.

“ओगलेवाडीचा ना?”

ओगल्यांचा ना, असं नाही विचारलं त्यांनी.